जुना सेफ्टी घ्यावा का? डॅलस काउबॉइजच्या मराठी चाहत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की आमच्याकडे डॅलसच्या मराठी मंडळींत हा वाद पेटतोच. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या कुठल्यातरी संघाने नावाजलेला, तिशी उलटलेला सेफ्टी, म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा गडी, सोडून दिलेला असतो. निम्मे लोक म्हणतात, ‘आत्ताच्या आत्ता उचला.’ उरलेले म्हणतात, ‘पाय थकलेला माणूस आणून करायचंय काय?’ दर वर्षी नाव नवं असतं, वाद मात्र तोच. मी आयर्विंगला राहतो, गेली चौदा वर्षं काउबॉइजचा सामना सहसा चुकवलेला नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत आणि मला जे वाटतं ते स्पष्ट लिहिलंय.

सेफ्टी म्हणजे नेमका कोण? मी नुकताच अमेरिकन फुटबॉल बघायला लागलोय.

बचावाच्या अकरा जणांत सगळ्यात मागे उभे असतात ते सेफ्टी. पुढे धिप्पाड गड्यांची फळी, तिच्या मागे लाइनबॅकर, दोन्ही कडांना रिसिव्हरला (पास झेलायला पळणाऱ्याला) चिकटून असणारे कॉर्नरबॅक, आणि त्या सगळ्यांच्या मागे बारा-पंधरा यार्डांवर हे दोघे. पुढच्यांच्या हातून जे सुटेल ते यांनी अडवायचं. यांच्या हातून सुटलं तर मागे कोणी नाही.

माझे सासरे साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांना शेजारी बसवून एक अख्खा सामना दाखवला. नियम फारसे कळले नाहीत, पण दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवून विचारलं, ‘तो मागचा पोरगा सारखे हातवारे करतोय, तो कॅप्टन आहे काय?’ ते तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळलेले. म्हणाले, ‘आमच्यात कोपऱ्यावर सगळ्यात जुना गडी ठेवायचो. तो पकडी कमी करायचा, पण बाकीच्या सहांना जागेवर ठेवायचा.’ सेफ्टी म्हणजे काय हे मला इतक्या थोडक्यात आजवर सांगता आलेलं नाही.

‘जुना’ म्हणजे किती वर्षांचा?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. जुना म्हटलं की डोळ्यांसमोर तेहेतीस-चौतीस वर्षांचा, कधीकाळी प्रो बोल (निवडक खेळाडूंचा सामना) गाजवलेला माणूस येतो. पण अनुभव वर्षांत मोजायचा झाला तर पाच-सहा हंगाम खेळलेला सत्तावीस वर्षांचा खेळाडूही जुनाच. त्याने शेकडो स्नॅप (चेंडू मागे देऊन प्रत्येक खेळाची होणारी सुरुवात) पाहिलेत, दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींचे बचाव शिकलेत आणि त्याचे पाय अजून शाबूत आहेत. आपल्या संघाला खरा उपयोग झाला तो अशाच लोकांचा. नावं पुढे येतील.

वय झालं की आधी काय जातं?

सरळ धावण्याचा वेग लोकांना वाटतो तितक्या लवकर जात नाही. आधी जातं ते वळणं. रिसिव्हर आत यायचं दाखवून बाहेर पळाला की सेफ्टीला मागे-मागे येता येताच कंबर फिरवून उलट दिशेला सुटावं लागतं. त्या एका वळणाला अर्धा श्वास जास्त लागला की तीन यार्ड गेले. दुसरं जातं ते चूक भरून काढणं. तरुण सेफ्टी चुकीचा अंदाज बांधूनही धावत जाऊन चेंडू हाताने उडवतो. वय झालेल्याला आधीच योग्य जागी असावं लागतं.

म्हणून सगळं यावर ठरतं की तुम्ही त्याला कोणतं काम देताय. एकट्याने मागचा सगळा मध्यभाग सांभाळ म्हटलं, तर त्रेपन्न यार्ड रुंद मैदानाच्या दोन्ही कडांना पोचण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या अंगावर पडते. ते काम पोरांचं. दोन सेफ्टी मागे ठेवून मैदान अर्धं-अर्धं वाटलं, किंवा त्याला पुढे आणून टाइट एंडवर (पास झेलणाऱ्या धिप्पाड गड्यावर) आणि धावणाऱ्यांवर सोडलं, तर तोच माणूस अजून दोन हंगाम उत्तम खेळू शकतो.

मग तो असं काय देतो जे ड्राफ्टमधल्या, म्हणजे कॉलेजातून नुकत्याच निवडलेल्या, पोराकडे नसतं?

डोळे आणि तोंड.

काउबॉइजच्या आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये मी मुद्दाम वरच्या मजल्यावरची जागा घेतो. स्वस्त असते हे एक, आणि तिथून सेफ्टी दिसतात हे दुसरं. टीव्हीवर कॅमेरा चेंडूबरोबर राहतो, स्नॅपच्या आधी मागे काय चाललंय ते दिसतच नाही. बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोचतो, ज्याच्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो तो. प्ले क्लॉकवर (खेळ सुरू करायच्या मुदतीच्या घड्याळात) पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. त्यानंतर क्वार्टरबॅक (समोरचा पास फेकणारा म्होरक्या) जे काही बदलेल त्याला उत्तर मैदानावरच शोधायचं असतं.

एका सामन्यात त्या पंधरा सेकंदांत मी फक्त आमच्या मागच्या सेफ्टीवर नजर ठेवली. समोरचा रिसिव्हर डावीकडून उजवीकडे सरकायला लागला. सेफ्टीने हेल्मेटवर दोनदा थाप मारली, आतल्या कॉर्नरकडे दोन बोटं केली, तो दोन पावलं आत आला. मग तो स्वतः पाच पावलं पुढे चालत आला, जणू आता धावून जाणार. स्नॅप होताच वळून पुन्हा मागे. क्वार्टरबॅकने जिथे बघितलं तिथे माणूस उभा, दुसरीकडे बघितलं तिथेही उभा. चेंडू बाहेर फेकून दिला. सेफ्टीच्या नावावर त्या खेळात काहीही नोंदलं गेलं नाही. ना टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं), ना इंटरसेप्शन (समोरच्याचा पास झेलणं). पण तो खेळ त्यानेच जिंकून दिला होता. हे पहिल्या वर्षाच्या मुलाला शिकवता येतं, पण त्याला हंगाम लागतात, आणि शिकत असताना समोरचे टचडाउन करून गुण घेत राहतात.

अर्ल थॉमसला घेतलं नाही ही काउबॉइजची घोडचूक नव्हती का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, म्हणून जरा सविस्तर.

थॉमस टेक्ससचाच, ऑरेंज गावचा, ऑस्टिनच्या विद्यापीठातून खेळलेला. 2010 च्या ड्राफ्टमध्ये सिॲटलने त्याला चौदाव्या क्रमांकावर घेतलं आणि त्या गाजलेल्या बचावाचा तो कणा झाला. मागचा सगळा मध्यभाग एकट्याने राखायचा हे त्याचं काम, आणि त्याच्या पिढीत ते त्याच्याइतकं चांगलं कोणी केलं नाही. 24 डिसेंबर 2017 ला सिॲटलने आपल्याला आर्लिंग्टनमध्ये 21-12 असं हरवलं. सामना संपल्यावर थॉमस थेट आपल्या ड्रेसिंग रूमपाशी गेला आणि आपले प्रशिक्षक जेसन गॅरेट यांना म्हणाला, संधी मिळाली तर मला घेऊन जा. त्या रात्री आमच्या घरात लोक हरल्याचं दुःख विसरून नाचायचेच बाकी होते.

मग 2018 चा हंगाम. नव्या करारासाठी तो सराव शिबिरापासून दूर राहिला, पहिल्या सामन्याच्या तोंडावर परतला. आपण त्याच्यासाठी ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची निवड द्यायला तयार आहोत अशा बातम्या होत्या, पण सौदा झाला नाही. 23 सप्टेंबरला त्याने आपलेच दोन चेंडू झेलले, आपण 24-13 हरलो. पुढच्याच रविवारी ॲरिझोनात त्याचा पाय मोडला. गाडीवरून बाहेर नेत असताना त्याने स्वतःच्याच संघाच्या बाकाकडे मधलं बोट दाखवलं. मार्च 2019 मध्ये बाल्टिमोरने त्याला चार वर्षांसाठी साडेपाच कोटी डॉलरचा करार दिला.

तेव्हा मीही चिडलो होतो. आता मागे वळून बघतो तेव्हा वेगळं दिसतं. तो बाल्टिमोरसाठी एकच हंगाम खेळला. ऑगस्ट 2020 मध्ये सरावात सहकाऱ्याशी मारामारी झाली, संघाने त्याला सोडलं आणि तो नंतर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. आपण त्याच वर्षी हा हा क्लिंटन-डिक्स या सेफ्टीला घेऊन हंगाम सुरू व्हायच्या आधीच सोडलं होतं, त्यामुळे थॉमसचा जप पुन्हा सुरू झाला. संघाने कान दिला नाही. 2020 मध्ये आपल्या बचावाने 473 गुण दिले, संघाच्या इतिहासातले तोपर्यंतचे सर्वाधिक. लोक म्हणाले, बघा, थॉमस असता तर! मला तसं वाटत नाही. त्या वर्षी पुढची फळीच उघडी पडली होती. धावणारा जेव्हा दर वेळी मोकळा होऊन येतो तेव्हा मागे कोणीही उभा केला तरी तो टॅकलच मोजत बसतो.

खरा उपाय 2021 मध्ये आला, आणि तो कोणीही मागितलेला नव्हता. डॅन क्विन बचावाचे समन्वयक झाले आणि संघाने तीन सेफ्टी स्वस्तात आणले. जेरॉन कर्स, सातव्या फेरीत निवडला गेलेला, सत्तावीस वर्षांचा. डॅमोन्टे कझी, ज्याला क्विन यांनी अटलांटात खेळवलं होतं. आणि मलिक हूकर, इंडियानापोलिसची पहिल्या फेरीची निवड, आदल्या हंगामात टाचेची मोठी शीर तुटलेली, म्हणून कोणी जोखीम घेत नव्हतं. कर्सने त्या वर्षी संघात सर्वाधिक टॅकल केले, शंभराच्या वर. संघाने प्रतिस्पर्ध्यांकडून 34 वेळा चेंडू हिसकावला, लीगमध्ये सर्वाधिक. 12-5 अशी कामगिरी झाली. शेवट सॅन फ्रान्सिस्कोकडून हरून झाला, ते दुःख वेगळं. पण तीन वर्षं आपण ज्या एका नावासाठी घसा कोरडा केला, त्याच्याऐवजी ही तीन माणसं मागची बाजू उभी करून गेली. हूकर तर पुढे कितीतरी वर्षं राहिला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. जुना सेफ्टी जरूर घ्यावा, पण नाव बघून नको.

किती पैसे मोजावेत?

थोडे. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक, बाहेरून घुसून त्याला गाठणारे आणि कॉर्नर यांच्या मानाने सेफ्टीला पैसे कमी मिळतात, आणि संघाला कॅपमध्ये (वेतनांच्या एकूण मर्यादेत) जागा हवी झाली की आधी नजर जाते ती महाग सेफ्टीवरच. 2024 च्या मार्चमध्ये तर रांगच लागली होती. डेन्व्हरने जस्टिन सिमन्सला सोडलं, सिॲटलने क्वान्ड्रे डिग्ज आणि जमाल ॲडम्स दोघांनाही, बफेलोने जॉर्डन पोयरला. सगळे नावाजलेले. पोयरला मायामीत एका वर्षासाठी वीस लाख डॉलर मिळाले. सिमन्सला अटलांटाने घेतलं ते थेट ऑगस्टमध्ये. बाजारात माल भरपूर असताना जो संघ घाई करतो त्याला भाव जास्त मोजावा लागतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. किमान वेतनावर एका वर्षाचा करार केलेल्या जुन्या खेळाडूसाठी वेगळी सवलत आहे. 2025 मध्ये सात किंवा जास्त हंगाम खेळलेल्याचं किमान वेतन 12 लाख 55 हजार डॉलर होतं, पण कॅपमध्ये मोजले जात होते फक्त 10 लाख 30 हजार, म्हणजे दोन वर्षं खेळलेल्याइतकेच. त्या वर्षी कॅप 27 कोटी 92 लाखांची होती. एवढ्या स्वस्तात बचावाला जाणता माणूस मिळत असेल तर नाही म्हणायचं कारण मला दिसत नाही.

कधी घ्यायचा? मार्चमध्येच का नाही?

मार्चमध्ये सेफ्टी घेतला तर ड्राफ्टमध्ये काय हाती लागेल ते माहीत नसतं. मे उजाडला की चित्र स्पष्ट होतं. शिवाय ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर घेतलेला फ्री एजंट (करार संपलेला खेळाडू) भरपाईच्या निवडींच्या, म्हणजे खेळाडू गमावलेल्या संघाला मिळणाऱ्या जादा ड्राफ्ट निवडींच्या, हिशेबात धरला जात नाही. संघाने स्वतःहून सोडलेला खेळाडू तर कधीच धरला जात नाही.

माझ्या मते जुलैचा शेवट सगळ्यात चांगला. शिबिराला हजर, पद्धत शिकायला सहा आठवडे, आणि शरीराला वसंतातल्या सरावांची दगदग नाही. हूकर नेमका तेव्हाच आला होता. काही संघ मुद्दाम पहिला सामना होऊ देतात, कारण चार हंगाम पूर्ण केलेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या यादीत असला तर नंतर सोडूनही वर्षभराचं मूळ वेतन तो मागू शकतो. पैशाच्या दृष्टीने ते शहाणपणाचं, पण सेफ्टीच्या बाबतीत मला पटत नाही. ज्याला सगळ्यांशी बोलायचंय त्याला सगळ्यांची भाषा शिकायला वेळ द्यायलाच हवा.

त्याच्यामुळे तरुण मुलाची जागा अडते, त्याचं काय?

ही तक्रार खरी आहे. प्रशिक्षकाची नोकरी धोक्यात असली की तो ओळखीच्या माणसाला खेळवतो आणि दुसऱ्या वर्षाचा मुलगा बाकावर कुजतो. पण आजकाल बरेच संघ बऱ्याच खेळांत तीन सेफ्टी एकदम मैदानात ठेवतात. जागा दोन नाहीत, अडीच-तीन आहेत. मुलगा खरंच तयार असेल तर त्याला दूर ठेवणं कोणालाही अवघड जातं. तयार नसेल तर त्याला रविवारी उघडं पाडून त्याचं भलं होत नाही.

एड रीडसारखा महान खेळाडू ह्यूस्टनमध्ये फसला. मग?

सेफ्टी रीडने फेब्रुवारी 2013 मध्ये बाल्टिमोरकडून सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला आणि पुढच्याच महिन्यात ह्यूस्टनने त्याला तीन वर्षांचा करार दिला. वय चौतीस. करारानंतर नितंबाच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली, पहिले दोन सामने तो खेळलाच नाही. ह्यूस्टनने ते दोन्ही जिंकले, आणि पुढचे चौदाच्या चौदा हरले. नोव्हेंबरमध्ये त्याला सोडलं. लोक हा योगायोग रीडच्या माथी मारतात, ते अन्यायाचं आहे. त्या संघाचा क्वार्टरबॅक सामन्यामागून सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या हातात चेंडू देत होता. पण ह्यूस्टनची चूक होतीच. दुखऱ्या सांध्याच्या माणसाला अनेक वर्षांचा करार दिला आणि बाल्टिमोरमधला तरुण रीड मिळेल अशी आशा धरली. तोच रीड तिथून न्यू यॉर्क जेट्सकडे गेला आणि उरलेल्या हंगामात त्याने तीन इंटरसेप्शन केले. माणूस संपला नव्हता, त्याचं काम आणि किंमत दोन्ही चुकीची ठरवली गेली होती.

एरिक वेडलसारखं पुन्हा कोणी करेल का?

त्या भरवशावर संघ चालवू नये, पण ती गोष्ट माझ्या फार आवडीची आहे. वेडल 2020 मध्ये निवृत्त झाला होता. जवळजवळ दोन वर्षं मैदानाबाहेर. जानेवारी 2022 मध्ये प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) ऐन तोंडावर लॉस एंजेलिस रॅम्सचे सेफ्टी जखमी झाले, तेव्हा त्याला बोलावणं आलं. नुकतीच त्याला सदतीस वर्षं पूर्ण झाली होती. पहिल्या सामन्यात मोजके स्नॅप, मग वाढत गेले. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध संघात सर्वाधिक नऊ टॅकल, आणि सुपर बोलमध्ये छातीचा स्नायू फाटूनही बचावाचा प्रत्येक स्नॅप. रॅम्स 23-20 जिंकले आणि तो पुन्हा निवृत्त झाला.

दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाचे पाय कसे असणार? त्याला कुठे उभं राहायचं ते ठाऊक होतं, एवढंच. लोक ह्याला चमत्कार म्हणतात. मला त्यात तेरा हंगामांचा अभ्यास दिसतो.

वय झालेल्या कॉर्नरला सेफ्टी करता येतं का?

काहींना. चार्ल्स वुडसन ग्रीन बेमध्ये 2012 साली सेफ्टी झाला, तिथून सुटल्यावर 2013 मध्ये पुन्हा ओकलंडला गेला, जिथे त्याची कारकीर्द सुरू झाली होती. तीन हंगाम खेळला. शेवटच्या, 2015 च्या हंगामात त्याने पाच इंटरसेप्शन केले, त्यांतले दोन नामांकित क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचे, आणि अख्ख्या कारकिर्दीत मॅनिंगचा चेंडू त्याने पहिल्यांदाच झेलला तो त्या दिवशी. पण टॅकल करायला ज्याला मनापासून आवडतं असाच कॉर्नर मागे जमतो. ज्याने दहा वर्षं अंग चोरलं, तो सेफ्टी होऊनही अंग चोरतो.

प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावाच्या राखीव यादीवर) ठेवता येतो का?

हो. सोळा जणांच्या त्या यादीत सहा जण कितीही अनुभवाचे चालतात, आणि एका खेळाडूला हंगामात तीन वेळा सामन्यापुरतं वर आणता येतं. ऑगस्ट 2025 मध्ये बफेलोने पोयरला असंच परत आणलं. दुखापती झाल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा ओळखीचा माणूस आधीच घरात असलेला बरा.

आपण चाहत्यांनी कोणी हवा-नको म्हणण्याआधी काय बघावं?

त्याच्या इंटरसेप्शनचे तुकडे बघू नका, ते सगळ्यांचेच छान दिसतात. मागच्या हंगामातला डिसेंबरचा एक अख्खा सामना बघा, तोही शक्य असेल तर उंचावरून घेतलेल्या चित्रीकरणात. सप्टेंबरमध्ये सगळेच ताजे असतात. लांबचा पास पडल्यावर कोण कोणाकडे हात पसरून बघतंय ते बघा. त्याच्या बाजूचे लोक गोंधळलेले दिसतात की शांत, ते बघा. मोकळ्या मैदानात धावणारा समोरून आला की तो पाय थांबवतो का, की नुसता खांदा मारून बाजूला होतो? चौथ्या क्वार्टरमध्ये दमलेला असताना स्नॅपच्या आधी त्याचा हात अजून वर जातोय का, बोटं अजून कोणाला तरी काही दाखवतायत का?